साध्या ऑटोकॅडमध्ये आपला स्वतःचा वेल्ड सिम्बॉल: पहिल्या निर्णयापासून वेल्ड लिस्टपर्यंत

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये डिझाइनच्या टेबलावर एकाच वेळी तीन तऱ्हेची ड्रॉइंग्ज पडलेली असतात. जर्मन ग्राहकाच्या ड्रॉइंगवर फिलेटच्या, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरायच्या वेल्डच्या, चिन्हाआधी छोटा ‘ए’ आणि पुढे ५ असतो, अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ‘५०-१५०’ आणि स्थानिक कामावर नुसतं ‘सर्व जॉइंट फुल वेल्ड’. वेल्डर मात्र तिन्हींना तोच. साध्या ऑटोकॅडमध्ये वेल्ड सिम्बॉलची तयार कमांड नाही. मग ड्राफ्ट्समन जुन्या फाइलमधून सिम्बॉल कॉपी करतो, एक्स्प्लोड करतो (सुट्या रेषांत फोडतो), आकडा बदलतो आणि पुढे जातो. वर्षभरात एकाच ऑफिसात त्याच फिलेटची पाच रूपं तयार होतात.

ऑटोकॅड मेकॅनिकलमध्ये ही सोय आहे आणि २०१९ पासून पूर्ण ऑटोकॅडच्या सबस्क्रिप्शनसोबत मेकॅनिकल टूलसेट मिळतो, हे खरं. पण आपली फाइल ज्या वेंडरकडे जाते तिथे बहुतेक वेळा एलटी (ऑटोकॅडची हलकी आवृत्ती) किंवा ऑटोकॅडसारखं एखादं स्वस्त सॉफ्टवेअर असतं, आणि मेकॅनिकलच्या खास वस्तू तिथे प्रॉक्सी, म्हणजे नुसती दिसणारी पण नीट बदलता न येणारी चित्रं, होऊन बसतात. साधा ॲट्रिब्यूट (मजकूर भरायची जागा) असलेला ब्लॉक (एकत्र बांधलेल्या रेषांचा संच) सगळीकडे उघडतो. म्हणून इथे ब्लॉकचीच पद्धत घेतली आहे.

आधी चार गोष्टी ठरवा, मगच रेषा काढा

पहिली गोष्ट म्हणजे स्टँडर्ड. अमेरिकन पद्धत एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) ए२.४ ची, युरोपातली आयएसओ २५५३ ची. आयएसओमध्येही दोन पद्धती आहेत: सिस्टिम ए मध्ये ज्या आडव्या अखंड रेषेवर चिन्ह बसतं तिला जोडून एक तुटक रेषा असते, सिस्टिम बी मध्ये एकच रेषा. आपलं आयएस ८१३ ही आहे, पण निर्यातीच्या कामात ग्राहक आयएसओ किंवा एडब्ल्यूएसच मागतो. एका ड्रॉइंग सेटमध्ये एकच स्टँडर्ड ठेवा आणि ते टायटल ब्लॉकच्या वर एका ओळीत लिहा. टायटल ब्लॉकमध्ये फर्स्ट अँगलचं, म्हणजे व्ह्यू मांडायच्या पद्धतीचं, चिन्ह आहे म्हणून वेल्ड सिम्बॉलही आयएसओचेच असतील, असं समजणारे पुष्कळ भेटतात. प्रोजेक्शन आणि वेल्डचं स्टँडर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या सांगाव्या लागतात.

दुसरी गोष्ट फिलेटचा आकडा. तो लेगचा की थ्रोटचा? लेग म्हणजे त्रिकोणी वेल्डची प्लेटला लागलेली बाजू, थ्रोट म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी. आयएसओमध्ये ‘झेड’ म्हणजे लेग, ‘ए’ म्हणजे थ्रोट, आणि समान लेगच्या फिलेटला थ्रोट म्हणजे लेगच्या ०.७ पट. थ्रोट ५ म्हणजे लेग साधारण ७. एडब्ल्यूएसमध्ये फिलेटची साइझ म्हणजे लेगच. आता ‘ए’ अक्षर गाळून नुसता ५ लिहिला आणि वेल्डरने तो लेग समजला, तर थ्रोट साडेतीनवर येतो, म्हणजे ताकद ३० टक्के कमी. उलट झालं, लेग ५ हवा असताना कुणी थ्रोट ५ भरला, तर वेल्ड गरजेपेक्षा जाड, वायर जवळजवळ दुप्पट आणि प्लेट वाकलेली. म्हणून ब्लॉकमध्ये नुसता आकडा टाकायची सोयच ठेवायची नाही, अक्षर आकड्याच्या आधी आपोआप आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट तुटक वेल्डची, आणि पैसे इथेच बुडतात. एडब्ल्यूएसमध्ये ‘५०-१५०’ म्हणजे ५० मिमीचा वेल्ड आणि वेल्डच्या मध्यापासून पुढच्या वेल्डच्या मध्यापर्यंत १५०. मधली मोकळी जागा १००. आयएसओ सिस्टिम ए मध्ये कंसातला आकडा हा मोकळ्या जागेचा असतो, तोच जॉइंट तिथे ‘५० (१००)’ असा लिहायचा, आधी वेल्डची संख्या. स्टँडर्ड बदलताना कुणी १५० जसाच्या तसा कंसात टाकला तर दोन वेल्डमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २०० होतं आणि प्रत्येक मीटरमागे वेल्ड पाव हिश्श्याने घटतो. सॉफ्टवेअर हे हिशेब करत नाही. ते चिन्हाचं रूप बदलेल, आकडा तसाच ठेवेल.

चौथी गोष्ट: शेपटीत, म्हणजे रेषेच्या टोकाला फुटणाऱ्या ‘व्ही’मध्ये, काय लिहायचं. आयएसओ ४०६३ चे प्रोसेस नंबर लिहायचे असतील तर १११ म्हणजे हाताने इलेक्ट्रोड, १३५ म्हणजे मॅग (गॅसच्या आवरणात वायरने), १४१ म्हणजे टिग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने). आमच्याकडचा शिरस्ता असा की जी प्रोसेस ड्रॉइंगभर सारखी आहे ती जनरल नोटमध्ये एकदाच जाते, आणि शेपटी फक्त अपवादासाठी उघडते. प्रत्येक सिम्बॉलला १३५ लटकवलं की खरा अपवाद कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

तुटक रेषा वर ठेवा

सिस्टिम ए निवडली असेल तर हा एक निर्णय जरा थांबून घ्यावा. अखंड रेषेवर बसलेलं चिन्ह म्हणजे बाणाकडची बाजू, तुटक रेषेवर बसलेलं चिन्ह म्हणजे पलीकडची बाजू. तुटक रेषा अखंड रेषेच्या वर किंवा खाली, कुठेही काढता येते, आणि बरेचजण ती खाली काढतात. मग बाणाकडचा फिलेट अखंड रेषेच्या वर येतो. पण एडब्ल्यूएसमध्ये आणि सिस्टिम बी मध्ये रेषेच्या खालचं चिन्ह बाणाकडचं असतं, वरचं पलीकडचं. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तुटक रेषा उडाली की तोच सिम्बॉल नेमका उलटा वाचला जातो.

तुटक रेषा वर काढली की बाणाकडचा फिलेट अखंड रेषेच्या खाली लटकतो. आता तुटक रेषा फिकट झाली, तुटकऐवजी अखंड छापली गेली किंवा वाचणारा अमेरिकन पद्धतीत मुरलेला असला, तरी उत्तर एकच येतं. माझं मत ठाम आहे: घरची ड्रॉइंग्ज असतील तर तुटक रेषा वरच. ग्राहकाने स्वतःचा नमुना दिला असेल तर अर्थात त्याचं ऐकावं.

ब्लॉक काढणं

नवी फाइल, युनिट मिलिमीटर. सगळं कागदावरच्या खऱ्या मापात काढायचं, म्हणजे छापल्यावर जेवढं हवं तेवढंच. अक्षरांची उंची ३.५ मिमी. ए१ चं ड्रॉइंग शॉपमध्ये ए३ वर छापून जातं तेव्हा सगळं बरोबर निम्मं होतं, ३.५ चे पावणेदोन मिमी राहतात. तेवढं कसंबसं वाचता येतं. २.५ ठेवलंत तर सव्वा मिमी, आणि वेल्डिंगच्या धुरात ते कुणी वाचत नाही.

सगळ्या वस्तू लेयर ० वर, रंग आणि जाडी ‘बायलेयर’. ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचे गुण त्याला लागतील. अखंड रेषा ३० मिमी काढा. तिच्या दीड-दोन मिमी वर तुटक रेषा. इथे तुटक लाइनटाइप वापरू नका. लाइनटाइप स्केल मोठा झाला की ३० मिमीत एकही तुटक भाग पडत नाही आणि रेषा अखंड दिसते, म्हणजे सिम्बॉलचा अर्थच गेला. त्याऐवजी ३ मिमीच्या छोट्या छोट्या खऱ्या रेषा दीड मिमी अंतर सोडून काढा आणि ॲरे करा. दोन मिनिटांचं काम, पण प्लॉटरने काहीही केलं तरी ती तुटकच राहते.

फिलेटचा त्रिकोण साधारण ४ मिमी लेगचा. उभी रेष नेहमी डावीकडे. बाण डावीकडून येवो की उजवीकडून, चिन्ह रेषेच्या वर असो की खाली, उभी रेष डावीकडेच. ब्लॉक मिरर करणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो, कारण मिरर केला की उभी रेष उजवीकडे जाते. त्याच कारणाने डायनॅमिक ब्लॉकमधली (टाकल्यावर रूप बदलता येणाऱ्या ब्लॉकमधली) उलटवणारी फ्लिप ॲक्शन इथे वापरू नये. बाण डाव्या टोकाला जोडायचा एक ब्लॉक आणि उजव्या टोकाला जोडायचा दुसरा, असे दोन वेगळे ब्लॉक करा. उजव्यात शेपटी डावीकडे येते, चिन्ह आणि आकडे मात्र तसेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. बेस पॉइंट दोन्हीकडे बाण जिथे जोडायचा त्या टोकावर.

आता आकडे. ॲटडेफ कमांडने प्रत्येक आकड्यासाठी एक ॲट्रिब्यूट: बाणाकडची साइझ, बाणाकडची लांबी, पलीकडची साइझ, पलीकडची लांबी, शेपटीतला मजकूर आणि एक अदृश्य ॲट्रिब्यूट वेल्ड नंबरसाठी. टॅग इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता. प्रॉम्प्ट मात्र खुशाल मराठीत लिहा, ‘लेग किती मिमी?’ असा प्रश्न समोर आला की नवा मुलगाही थ्रोट टाकत नाही.

साइझ त्रिकोणाच्या डावीकडे असते, म्हणून तिचं जस्टिफिकेशन उजवं ठेवा. लांबी उजवीकडे असते, तिचं डावं. हे उलटं झालं तर ६ असेपर्यंत सगळं नीट दिसतं, १२ टाकला की आकडा त्रिकोणावर चढतो. साइझ ॲट्रिब्यूटची डिफॉल्ट किंमत ‘झेड’ आणि पुढे प्रश्नचिन्ह अशी ठेवा. डिफॉल्टला ६ ठेवला की कुणी तो बदलायला विसरलं तरी ड्रॉइंग बरोबरच दिसतं. प्रश्नचिन्ह छापून आलं तर चेकर ते सोडत नाही. सगळ्या ॲट्रिब्यूटना ‘लॉक पोझिशन’ची खूण करा, नाहीतर लोक ग्रिप धरून आकडे इकडेतिकडे ओढतात.

ब्लॉक बनवताना ‘ॲनोटेटिव्ह’ची खूण करायची, आतल्या अक्षरांना मात्र नाही. मग मॉडेल स्पेसमध्ये व्ह्यूचा स्केल १:५ असो की १:२०, कागदावर सिम्बॉल त्याच आकाराचा येतो.

तीन अवस्था

बीएडिटने (ब्लॉक एडिटरने) ब्लॉक उघडा आणि व्हिजिबिलिटी पॅरामीटर, म्हणजे कुठला भाग दिसावा हे निवडायची सोय, टाका. तीन अवस्था पुरतात: बाणाकडे, पलीकडे, दोन्हीकडे. ‘बाणाकडे’मध्ये वरचा त्रिकोण आणि त्याचे दोन्ही ॲट्रिब्यूट लपवा. ‘पलीकडे’मध्ये खालचे लपवा आणि वरचा त्रिकोण तुटक रेषेवर बसलेला ठेवा. ‘दोन्हीकडे’ मध्ये, दोन्ही बाजूंचे वेल्ड सारखे असतील तर सिस्टिम ए मध्ये तुटक रेषा काढत नाहीत. त्या अवस्थेत तुटक रेषा लपवून वरचा त्रिकोण खाली अखंड रेषेवर आणून बसवायचा, म्हणजे त्रिकोणाची एक वेगळी प्रत काढून फक्त तिथेच दाखवायची. दोन्ही बाजूंना वेगवेगळी साइझ हवी असेल तर चौथी अवस्था करा, तुटक रेषेसह.

जॉइंटच्या सभोवार वेल्ड सांगणारं वर्तुळ आणि साइटवर वेल्ड करायचा झेंडा ही दोन चिन्हं बाणाच्या सांध्यावर बसतात. त्यांना अवस्थांमध्ये घुसडलं तर यादी गुणाकाराने वाढत जाते. त्यांचे दोन छोटे स्वतंत्र ब्लॉक करा आणि गरज असेल तिथे सांध्यावर स्नॅप करा.

बट (कडेला कड), व्ही (दोन्ही कडा तिरक्या) आणि बेव्हलसाठी (एकच कड तिरकी) हाच सांगाडा सेव्ह-ॲज करून त्रिकोण बदला. बेव्हलला एक जास्तीची गोष्ट: एकाच प्लेटला कड मारायची असेल तर बाण मोडलेला, म्हणजे कोपरा असलेला काढतात आणि तो त्या प्लेटकडे रोखतात. बाणासाठी ब्लॉकमध्ये काही करायची गरज नाही. मल्टिलीडरची, म्हणजे बाणाच्या रेषेची, एक वेगळी स्टाइल करा, कंटेंट ‘नन’, लीडरचे जास्तीत जास्त पॉइंट ३, आणि त्याचं मागचं टोक ब्लॉकच्या बेस पॉइंटवर स्नॅप करा. मल्टिलीडरच्या आतच कंटेंट म्हणून हा ब्लॉक बसवायचा मोह होतो, पण तिथे गेला की ब्लॉकचे डायनॅमिक गुण मरतात, तीन अवस्था निवडता येत नाहीत. ब्लॉक आणि लीडर वेगळे राहिले तर हलवताना दोन्ही निवडावे लागतात, एवढाच तोटा.

लेयर आणि पॅलेट

वेल्डसाठी स्वतंत्र लेयर ठेवा. सिम्बॉल आणि अक्षरांना ०.३५ जाडी, लीडरला ०.२५. वेगळ्या लेयरचा खरा फायदा लेझर कटिंगला डीएक्सएफ फाइल पाठवताना कळतो: तो लेयर वगळून सेव्ह केलं नाही तर नेस्टिंगवाल्याला (शीटवर भाग मांडणाऱ्याला) सिम्बॉलच्या रेषा हाताने वेचून काढाव्या लागतात, आणि एखादी राहिली तर मशीन ती कापते.

कंट्रोल आणि ३ दाबून टूल पॅलेट उघडा, ब्लॉक त्यावर ओढा आणि त्या टूलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेयरच्या जागी वेल्ड लेयर लिहून टाका. आता कुणी कुठल्याही लेयरवर काम करत असलं तरी सिम्बॉल जागच्या जागीच जातो. ब्लॉकची मूळ फाइल सर्व्हरवर, फक्त वाचण्याच्या परवानगीने. जनरल नोट आणि लीडर स्टाइल डीडब्ल्यूटी टेम्प्लेटमध्ये.

एक उदाहरण: वायनरीची टाकी

दिंडोरी भागातल्या वायनरींसाठी एसएस ३०४ च्या (स्टेनलेस स्टीलच्या) टाक्या बनवणारे आपल्याकडे अनेक आहेत. समजा शेल ३ मिमीचा, उभा सीम (जोड), टिगने बाहेरून एका बाजूने पूर्ण पेनिट्रेशन, म्हणजे आरपार वितळवलेला, आतून मागच्या बाजूला आर्गॉनचं पर्जिंग (हवा हटवायला गॅस सोडणं), आणि आतला मणी, म्हणजे वेल्डचा उंचवटा, ग्राइंड करून सपाट. वाइन लागते ती बाजू आतली, तिथे चीर किंवा उंचवटा राहिला तर साफसफाईत जंतू राहतात. म्हणजे या सिम्बॉलमधला सर्वांत महत्त्वाचा भाग बाणाच्या पलीकडच्या बाजूला आहे.

हे काम समजा एडब्ल्यूएस पद्धतीत सांगायचं आहे, तेव्हा रेषा एकच. बाण बाहेरून लावा. रेषेखाली चौकोनी बटचं चिन्ह, दोन उभ्या रेषा. रेषेवर मेल्ट-थ्रूचा (पलीकडे उतरलेल्या धातूचा) भरीव अर्धगोल, त्याच्यावर सपाट कंटूरची (पृष्ठभाग सपाट करा सांगणारी) आडवी रेष आणि ग्राइंडिंगचं ‘जी’. शेपटीत प्रोसेसचं नाव. आतल्या पॉलिशचा दर्जा शेपटीत कोंबू नका, तो जनरल नोटमध्ये सरफेस फिनिशच्या चिन्हासह जाऊ द्या. हा जॉइंट तुमच्याकडे वारंवार येत असेल तर त्याचा स्वतंत्र ब्लॉक करा, ज्यात ‘जी’ आणि कंटूर आधीपासूनच काढलेले असतील. विसरण्यासारखी गोष्ट ॲट्रिब्यूटवर सोडायची नाही.

प्रिंट काढून ती शॉपवर घेऊन जा आणि काहीही न समजावता विचारा.

“भाऊ, हा सीम कुठून मारणार?”
“बाहेरून.”
“आणि आतून?”
“आतून मारायचं नाही साहेब, आतून गॅस सोडायचा. मग ग्राइंडर.”

हे उत्तर आलं की सिम्बॉल पास. “आतून पण एक रन टाकू का?” असं विचारलं गेलं तर अर्धगोल भरीव छापला गेलाय का ते आधी बघा. फिल किंवा हॅच बंद असलेल्या प्रिंटमध्ये तो पोकळ येतो आणि मग तो बॅक वेल्डचं, म्हणजे मागूनही रन टाका सांगणारं, चिन्ह होतो.

वेल्ड लिस्ट

ॲट्रिब्यूट ठेवायची मेहनत इथे वसूल होते. डेटा एक्स्ट्रॅक्शन कमांडने ब्लॉक निवडा, वेल्ड नंबर, साइझ, लांबी आणि शेपटी हे कॉलम घ्या, आणि डायनॅमिक गुणांमधली व्हिजिबिलिटी अवस्थासुद्धा घ्या. ती का? लपवलेल्या ॲट्रिब्यूटमध्येही जुनी किंमत राहते आणि ती लिस्टमध्ये निघते. अवस्थेचा कॉलम असला की एक्सेलमध्ये ‘बाणाकडे’वाल्या ओळींमधले पलीकडचे आकडे गाळता येतात.

मग वायरचा अंदाज. लेग ६ च्या फिलेटचं छेदक्षेत्र ६ गुणिले ६ भागिले २, म्हणजे १८ चौरस मिमी. एका मीटरला १८ घनसेंटिमीटर, पोलादाची घनता ७.८५ धरली तर साधारण १४१ ग्रॅम. लेग ८ ला तेच २५१ ग्रॅम. हा नुसता भरलेला धातू, उंचवटा आणि उडालेले स्पॅटर सोडून. कोटेशन देताना डिझायनरने सहज ८ लिहिला की ६ चालला असता, हा प्रश्न या दोन आकड्यांवरून लगेच विचारता येतो.

सॉलिडवर्क्स असेल तर

तिथे सिम्बॉल तयार मिळतो, म्हणून काम कमी आणि बेफिकिरी जास्त. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ड्राफ्टिंग स्टँडर्ड आणि त्याखाली वेल्ड सिम्बॉलचा फाँट, लीडर आणि लेयर एकदा लावून ड्रॉइंग टेम्प्लेट सेव्ह करा. वारंवार लागणारे सिम्बॉल स्टाइल म्हणून सेव्ह करून सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा. स्वतःचं चिन्हच हवं असेल तर ते सिम्बॉल लायब्ररीच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिता येतं: रेषा, वर्तुळ, चाप यांचे कोऑर्डिनेट साध्या मजकुरात. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत सर्व्हरवर ठेवा, सिस्टिम ऑप्शन्समधल्या फाइल लोकेशन्समध्ये तिचा पत्ता द्या आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा. प्रत सगळ्यांच्या मशीनवर लागली नाही तर एकाचं चिन्ह दुसऱ्याला दिसणार नाही.

ब्लॉक बदलायची वेळ आली तर

पुढेमागे एखादा ॲट्रिब्यूट वाढवावाच लागतो. बीएडिटमध्ये तो वाढवला तरी आधी टाकलेल्या सिम्बॉलमध्ये तो आपोआप येत नाही, ॲटसिंक चालवावं लागतं. ॲटसिंक किंमती राखतं, पण कुणी एखाद्या जागी आकड्याची उंची किंवा रंग हाताने बदलला असेल तर ते सगळं मूळ रूपात परत येतं. चालवण्याआधी फाइलची प्रत आणि चालवल्यावर एक नजर, एवढं हवंच.

आणखी एक फसवी गोष्ट. नवा सुधारलेला ब्लॉक जुन्या ड्रॉइंगमध्ये कॉपी-पेस्ट केला आणि त्या ड्रॉइंगमध्ये त्याच नावाचा जुना ब्लॉक आधीच असला, तर ऑटोकॅड जुनीच व्याख्या ठेवतं. समोर नवा सिम्बॉल टाकला असं वाटतं, प्रत्यक्षात जुनाच बसतो. म्हणून ब्लॉकच्या नावात आवृत्ती लिहा, फिलेट-डावा-आर१, फिलेट-डावा-आर२ अशी. मंजूर होऊन गेलेल्या ड्रॉइंगमध्ये आर१ तसाच राहू द्या, आर२ पुढच्या रिव्हिजनपासून.